४८० मुलं की ५५?

भाची एमएच्या प्रबंधासाठी मुलांकडून सोडवून घेतलेले गणिताचे पेपर घेऊन बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आली. १२ शाळा, प्रत्येकीतली ४० मुलं. "मामा, ४८० म्हणजे भरपूर झाली ना?" एक गठ्ठा चाळला. ६१२ भागिले ६, उत्तर १२. पुढचा पेपर, तेच. त्याच्या पुढचा, तेच. भागाकारातलं शून्य अख्ख्या वर्गाने खाल्लेलं. एका मास्तरच्या हाताखालची मुलं चुकतातही सारखीच.

हा सारखेपणा मोजणारा आकडा (० म्हणजे अजिबात नाही, १ म्हणजे पूर्ण) १९२०च्या दशकात संख्याशास्त्रज्ञ फिशरने रुळवला. त्याची किंमत किती मोजावी लागते, ते १९६५ साली नमुना-पाहणीच्या किशने मांडलं: गटातल्या संख्येतून एक वजा, गुणिले सारखेपणा, अधिक एक. सारखेपणा ०.२ धरला तर ८.८. ४८० ला त्याने भागा, हाती उरतात जेमतेम ५५: म्हणजे ४८० पेपरांतून मिळते ती माहिती एकमेकांशी संबंध नसलेल्या ५५ मुलांइतकीच.

हा सारखेपणा न धरल्याने इंग्लंडात मोठी फजिती झाली. १९७६ साली शिक्षण-संशोधक बेनेटने शिस्तीत शिकवणं मोकळ्या पद्धतीपेक्षा सरस ठरवलं, आणि वर्तमानपत्रांनी ते उचलून धरलं. १९८१ मध्ये एटकिन आणि सहकाऱ्यांनी मुलं शिक्षकांच्या गटांत धरून तोच हिशेब पुन्हा केला. फरक ठामपणे सांगण्याजोगा उरला नाही. १९८६ मध्ये गोल्डस्टीन, तसेच रॉडेनबुश आणि ब्रिक यांनी शिक्षणाच्या अभ्यासात बहुस्तरीय मॉडेलं, म्हणजे मूल आणि शाळा असे दोन्ही स्तर एकत्र धरणारी, रुजवली. खरं तर यातलं बरंचसं गणित गोठ्यात आधीच सुटलं होतं: वळूचा गुण किती आणि कळपाचा किती, हे पशुपैदाशीचा अभ्यासक हेंडरसनने १९५०च्या सुमारासच वेगळं काढायला घेतलं होतं.

मॉडेल कोणतं, हा वाद मात्र निराळा. अर्थशास्त्री प्रत्येक शाळेला स्वतंत्र स्थिरांक, म्हणजे तिचा तिचा ठरलेला आकडा, देतात. शिक्षणवाले शाळा एकाच पिशवीतून काढलेल्या चिठ्ठ्या मानतात. पहिल्या पद्धतीत शाळेची न दिसणारी वैशिष्ट्यं वजा होतात, पण शाळा सकाळपाळीची की दुपारपाळीची, हा प्रश्नही त्यांच्याबरोबर वाहून जातो. भाचीला नेमका तोच हवा होता. दुसरीत तो टिकतो. फक्त न दिसणाऱ्या वैशिष्ट्यांचा मुलांच्या माहितीशी संबंध नाही, असं गृहीत धरावं लागतं. १९७८ साली अर्थशास्त्री मुंडलाकने तोडगा दिला: मुलाच्या माहितीबरोबर त्या माहितीची शाळेतली सरासरीही मॉडेलमध्ये घाला.

बडोद्याचं उदाहरण तर घरचंच. २००१ ते २००३ मध्ये 'प्रथम' या संस्थेच्या बालसखी, म्हणजे मागे पडलेल्या मुलांना शिकवणाऱ्या तरुणी, इथल्या पालिकेच्या शाळांत शिकवत होत्या. काही शाळांत तिसरीला, काहींत चौथीला. अर्थशास्त्री बॅनर्जी, डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कुठे कोणत्या इयत्तेला बालसखी द्यायची याची चिठ्ठी शाळेवार काढली, म्हणून संभाव्य चूकही शाळेचा गट धरूनच मोजली.

भाचीला म्हटलं, शाळा २४ कर आणि मुलं २०च घे. पेपर तेवढेच, ४८०. तिने पाठकोऱ्या कागदावर मांडलं: १९ गुणिले ०.२, अधिक १, म्हणजे ४.८. भागाकार केला. बरोबर १००. या वेळी शून्यं दोन होती आणि दोन्ही जागेवर होती.