खिडक्या बंद करा, घर वाळवायचंय

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि ठाणे, कल्याण, बदलापूरपर्यंत तळमजल्यांवरच्या घरांत पाणी शिरलं. महिन्याभराने, २९ ऑगस्टला, कॅटरिना हे हरिकेन अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आदळलं आणि न्यू ऑर्लिन्सचा बहुतेक भाग बुडाला. पाणी ओसरल्यावर तिकडे भिंतीच्या भिंती कापून बाहेर फेकल्या गेल्या, कित्येक घरांचा नुसता लाकडी सांगाडा उरला. आपल्याकडे लोकांनी फिनाइलने लाद्या धुतल्या, खिडक्या सताड उघडल्या आणि पंखे पाचवर ठेवले.

तिकडची भिंत म्हणजे लाकडी चौकटीवर ठोकलेले जिप्समचे पत्रे, दोन्ही बाजूंनी कागद चिकटवलेले. कागद हे बुरशीचं आवडतं खाद्य. ओल्या कागदावर २४ ते ४८ तासांत बुरशी जीव धरू लागते, म्हणून तो भाग कापून टाकणंच शहाणपणाचं. आपल्या विटांच्या भिंती कापाव्या लागत नाहीत, आणि त्यामुळेच आपली फसगत होते. भिंत उभी दिसते, वरून कोरडी लागते, आतून मात्र भरलेली असते.

किती भरलेली? मापाची एक वीट साधारण अडीच किलोची. भारतीय मानकानुसार साध्या विटेने वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी प्यायलेलं चालतं, म्हणजे जवळपास अर्धा लिटर. चार इंची भिंतीच्या एका चौरस मीटरला अशा ५० विटा लागतात. म्हणजे चौरस मीटरमागे जास्तीत जास्त २५ लिटर. गुडघाभर पाणी काही तास साचलं, तर एका खोलीच्या चार भिंतींत शे-दीडशे लिटर मुरू शकतं. वर सूक्ष्म छिद्रांतून पाणी चढत जातं, त्यामुळे ओलीची रेघ पुराच्या रेघेच्या वर सापडते.

हे सगळं पाणी वाफ होऊन हवेतूनच जायचं. जुलैत ठाण्याची हवा २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेची असेल, तर एका घनमीटरमध्ये साडेचोवीस ग्रॅम वाफ आधीच असते, आणि मावते जेमतेम सव्वासत्तावीस. दहा बाय बाराच्या खोलीतली सगळी हवा मिळून फार तर ८०-९० ग्रॅम पाणी उचलेल. जानेवारीतल्या दुपारी, ३० अंश आणि ४० टक्के आर्द्रता असताना, तीच खोली साडेपाचशे ग्रॅमहून जास्त उचलते. पावसाळ्यात खिडकी उघडणं म्हणजे भरलेली हवा घालवून दुसरी भरलेली हवा आत घेणं. आपल्या आज्यांनी घरं हवेशीर ठेवायला सांगितलं ते बरोबरच होतं, पण ऑक्टोबरपासून पुढे.

म्हणून घरं सुकवण्याचा व्यवसाय करणारी मंडळी पहिल्यांदा खिडक्या बंद करतात. त्याआधी मेन स्विच बंद करणं, गाळ उपसणं आणि ओल्या गाद्या, फुगलेलं पार्टिकल बोर्ड बाहेर काढणं हे आलंच. पुराचं पाणी म्हणजे गटाराचं पाणी, उंदरांच्या मूत्रातून येणारे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे जंतू त्यात असू शकतात. पायाला जखम असेल तर गमबुटाशिवाय आत जाऊ नये. पाणी जितकं पंपाने आणि व्हॅक्यूमने ओढून घेता येईल तितकं आधी ओढतात, कारण एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे पाऊण युनिट विजेइतकी उष्णता लागते.

मग डीह्युमिडिफायर. त्यातल्या थंड नळ्यांवर हवेतली वाफ दव होऊन पडते आणि नळीतून बादलीत जाते. घरगुती यंत्र दिवसाला १०-२० लिटर काढतं, व्यावसायिक यंत्र ५० किंवा त्याहून जास्त. एसीही पाणी काढतो, पण वाफेची उष्णता खिडकीबाहेर फेकतो. खोली गार पडली की भिंतीतून वाफ निघणंही मंदावतं. डीह्युमिडिफायर ती उष्णता खोलीतच परत सोडतो, आणि त्याच उष्णतेवर पुढचं पाणी सुटतं. मला या यंत्राची हीच गोष्ट सर्वांत आवडते.

सोबत जमिनीवर ठेवायचे पंखे लागतात. ओल्या पृष्ठभागाला वाफेने भरलेल्या हवेचा पातळ थर चिकटून असतो. तो खरवडून निघेल असा झोत भिंतीच्या तळाशी तिरका मारावा लागतो. छताच्या पंख्याचा वारा तिथे पोचेपर्यंत दमतो.

खाडीकाठच्या वस्त्यांची अडचण आणखी वेगळी. नवी मुंबईचे बरेच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत, म्हणून सिडकोने डच पद्धतीचे धारण तलाव बांधले: भरतीला झडप मिटते, ओहोटीला उघडते. मोठी भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आले की तलाव तुंबतात. खाडीचं खारं पाणी भिंतीत मुरलं, तर पाणी निघून जातं, मीठ मागे राहतं. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं. डब्यातलं मीठ सादळतं तसंच. मार्चमध्ये खडखडीत वाळलेली भिंत जूनमध्ये गळती नसताना ओली होते, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचा उद्धार होतो. यावर यंत्र चालत नाही. प्लास्टर खरवडून नवं करणं हाच उपाय. ओल मोजायचं दोन सुयांचं मीटरही इथे फसतं: ते विजेचा रोध मोजतं, आणि मिठाने रोध कमी होत असल्याने ओल आहे त्याहून जास्त दाखवतं.

नवी मुंबईतल्या महापे-तुर्भ्याच्या कचेऱ्या आणि गोदामांत भिंतींपेक्षा फायलींची चिंता मोठी. भिजलेले कागद पंख्याखाली पसरले की पानं चिकटतात, शाई फुटते, बुरशी धरते. अशा फायली आधी गोठवतात. शीतगृहात बुरशी थांबते आणि विचार करायला उसंत मिळते. नंतर निर्वात पेटीत, ६ मिलिबारपेक्षा कमी दाबाखाली, बर्फाची सरळ वाफ होते. मधली द्रव अवस्थाच टळल्यामुळे शाई पसरत नाही. भिजलेला संगणक मात्र ‘चालू होतो का बघू’ म्हणून कधीच चालू करू नये.

बुरशीवर ब्लीच शिंपडून रंग उडतो, पण सच्छिद्र प्लास्टरच्या आत ते फारसं पोचत नाही, आणि मेलेली बुरशीही दमेकऱ्याला त्रास देते. ती घासून काढायची, मास्क लावून.

आता रंगाचं. जुलैत पाणी शिरलं की ऑगस्ट-सप्टेंबरात गणपती, आणि प्रत्येकाला भिंती रंगवून हव्या असतात. ओल्या भिंतीवर ऑइल पेंट किंवा प्लास्टिक इमल्शन मारलं की आतली वाफ अडते, फुगे येतात, नाताळपर्यंत पोपडे. रंगाऱ्याला बोलावण्याआधी फूट-दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि दुसऱ्या दिवशी बघा. आतून थेंब दिसले तर भिंत अजून ओली आहे. तशी असेल तर जुना रंग खरवडून गणपतीपुरता चुन्याचा हात मारा. चुन्यातून वाफ बाहेर पडू शकते. बाकीचा रंग दिवाळीनंतर, कोरडी हवा महिनाभर भिंतीला लागली की.