कूलर गार करेना, तेव्हा पानांचं काय होतं?

नागपूरचा मे म्हणजे कोरडी आग. पण एखाद्या वर्षी अवकाळी पाऊस मुक्कामच ठोकतो, नवतपा (मेअखेरीस सुरू होणारे कडक उन्हाचे नऊ दिवस) भिजून जातो आणि कूलर नुसती चिकट हवा फेकत बसतो. गच्चीवरची ॲलोकेशिया, मॉन्स्टेरा, अँथुरियम मात्र खुशीत असणार, असं आपण धरून चालतो. शेवटी पावसाळी जंगलातलीच झाडं ती. हे अर्धंच खरं आहे.

कूलर गार करतो तो पाण्याची वाफ करून, आणि पानही तसंच. ४४ अंश तापमान व १५ टक्के आर्द्रता असलेली हवा ज्या जोराने पाणी ओढते, त्याच्या जेमतेम सहावा हिस्सा ओढ ३४ अंश, ७५ टक्क्यांच्या हवेत उरते. कोरड्या दुपारी पान पाणी वाचवायला पर्णरंध्रं, म्हणजे आपली बारीक छिद्रं, मिटतं. मग कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही, वाढ थांबते. दमट हवेत रंध्रं उघडी राहतात, पानं मोठी होतात. पण मुळांकडून कॅल्शियम वर चढतं ते याच ओढीवर. ओढ फारच मंदावली की कोवळ्या पानांच्या कडा करपतात. आपण समजतो पाणी कमी पडलं, आणि झारी उचलतो!

सकाळी ॲलोकेशियाच्या टोकाला लोंबणारा थेंब बघा. तो बहुधा दव नसतो. रात्री मुळांच्या दाबाने वर चढलेलं पाणी पानाच्या कडेच्या जलरंध्रांतून बाहेर येतं. वाळल्यावर कधीकधी क्षारांचा पांढरा ठिपका उरतो. थेंब दिसला म्हणजे मातीत ओल भरपूर आहे. त्या दिवशी पाणी नको.

खरा घात खाली होतो. पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे १० हजार पट हळू पसरतो. आपली काळी माती ओली झाली की फुगते, भेगा बुजतात, मुळं गुदमरतात. मुळं कुजवणाऱ्या पिथियम, फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या जीवांचे बीजाणू तर चक्क पोहतात. कुजलेलं मूळ ओढलं की साल बोटांत निघून येते, आत नुसता दोरा राहतो. कुंडीत काळी माती कमी, जाड वाळू आणि कोळशाचे तुकडे जास्त घाला. खालची बशी काढा. आभाळ भरलेलं असेल तर ग्रीन नेटही गुंडाळून ठेवा, उजेड आधीच कमी असतो.

काटोल-नरखेडकडच्या संत्र्याला मात्र हा ओला मे अजिबात मानवत नाही. मृग बहारासाठी शेतकरी उन्हाळ्यात पाणी तोडून बागेला ताण देतात. जूनच्या पावसाने तो सुटला की फुलं येतात. पाऊस मेमध्येच आला तर ताण अर्धवट तुटतो आणि झाड फुलांऐवजी पालवीवर जातं.