करवंट्यांचा बायोचार: काय करतो, काय नाही

“कचरा जाळून केलेला कोळसा आगरात घातला तर विष नाही का जाणार?” दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतंच. रास्त शंका आहे. आम्ही करतो तो बायोचार म्हणजे हवा कोंडून भाजलेला, मातीत घालायचा कोळसा. भट्टीत काय गेलं त्यावर सगळं अवलंबून. आमच्याकडे जातात करवंट्या, सोडणं, आंब्याच्या वाळलेल्या बाठी आणि तेल काढून झालेली काजूची टरफलं. दुधाची पिशवी, सेल, रंग दिलेली फळी यातलं काहीही नाही. प्लॅस्टिकमधला क्लोरिन तापला की घातक पदार्थ तयार होतात. धातू तर जळतच नाही. चार किलो मालाचा एक किलो कोळसा होतो, पण धातू तेवढाच राहतो, म्हणजे चौपट दाट होतो.

राब भाजताना, म्हणजे शेतात पालापाचोळा जाळताना, हवा मोकळी असते, म्हणून राख होते आणि पहिल्या मोठ्या सरीत बरीचशी वाहून जाते. आम्ही बंद पिंपात, हवा कोंडून, 450 ते 500 अंशांवर भाजतो. हा कोळसा मातीत वर्षानुवर्षं टिकतो.

आता पोफळीवाल्यांसाठी. कोळे रोगावर (सुपारी कुजून गळते तो) दर पावसाळ्यात बोर्डो मिश्रण मारता: मोरचूद (यात तांबं असतं) 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 100 लिटर. ते तांबं शेवटी बुंध्याशीच उतरतं आणि साचतं. आपली जांभ्याची माती आंबट, त्यात तांबं जास्त विरघळतं आणि मुळांना, गांडुळांना बाधतं. बायोचार थोडा अल्कधर्मी, शिवाय आतून सच्छिद्र. तो आंबटपणा उतरवतो आणि तांबं, शिसं, कॅडमियम धरून ठेवतो. धरून ठेवतो, नाहीसं करत नाही! नंतर माती तपासलीत तर एकूण तांब्याचा आकडा तोच येईल. आम्हाला फोन करून भांडू नका. आर्सेनिकचं मात्र उलट, आंबटपणा उतरला की ते सुटं होऊ शकतं. जमीन जुन्या कारखान्याशेजारची असेल तर आधी माती तपासा, मग आमच्याकडे या. खाऱ्या जमिनीतलं मीठ यानं जात नाही, त्यासाठी घेऊ नका.

कोरा कोळसा थेट मातीत घालू नका. पहिल्या वर्षी आम्हीच परसातल्या मिरचीला घातला आणि पंधरवड्यात पानं पिवळी पडली, कारण मातीतला नत्र कोळशानंच आधी ओढून घेतला. तेव्हापासून शेणखतात मिसळून, गोमूत्राच्या पाण्यानं ओलवून तीन आठवडे मुरवतो. कुंडीत दहा भाग मातीला एक भाग पुरे. पोफळीच्या आळ्यात आम्ही सुरुवातीला दोन किलोंच्या वर जात नाही. तणनाशक मारणार असाल तर आधी बोला. कोळसा तेही शोषतो, मग तण मरत नाही.

कोणाकडूनही घेतलात तरी चिमूटभर ओला करून तळहातावर चोळा. नुसत्या पाण्यानं काळं धुऊन गेलं तर ठीक. साबण लावावा लागला, हात तेलकट राहिला, तर त्यात डांबर उरलंय. परत द्या, आमचा असला तरी. पोतं उघडताना पाणी शिंपडा, धूळ नाकात जाते.

आमच्या भट्टीसाठी करवंट्या आणताना खोबरं पूर्ण खरवडलेलं आणि दोन उन्हं दिलेली हवीत. प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणल्यात तर दारातच रिकामी करून पिशवी घरी न्या.