जाताना वारा तोंडावर घ्या

पावसाळ्यात त्र्यंबक रस्त्याने सायकल काढायची तर चढाच्या आधी वाऱ्याचा हिशेब करावा. नाशिकहून त्र्यंबकेश्वर जवळपास 30 किलोमीटर, साधारण पश्चिम-नैऋत्येला. या दिवसांत वाराही बहुतेक तिकडूनच येतो. म्हणजे जाताना तोंडावर, येताना पाठीवर.

जाताना गेलेला वेळ येताना भरून निघेल, हा समज चुकीचा. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि हा वेग रस्त्याच्या नव्हे, समोरून येणाऱ्या हवेच्या तुलनेत मोजायचा. साधी सायकल, ताठ बसलेला स्वार, सपाट रस्ता, हवा शांत: ताशी 20 किलोमीटरला अंदाजे 75 वॅट लागतात. आता ताशी 20 किलोमीटरचा वारा समोरून आला आणि पायांचा जोर तेवढाच राहिला, तर वेग 11 वर येतो. 30 किलोमीटरला पावणेतीन तास. परतताना 32 चा वेग मिळतो, तासाभरात घर. एकूण 3 तास 40 मिनिटं, शांत हवेत 3 तास. हट्टाने 20 चाच वेग धरलात तर जवळपास तिप्पट जोर लागेल. त्यापेक्षा गिअर उतरवा, कोपरं वाकवून खाली झुका, आणि फडफडणारा पोंचो घरीच ठेवून अंगाबरोबरचं जॅकेट घाला.

हवामानखात्याचा वाऱ्याचा आकडा 10 मीटर उंचीवरचा असतो. मोकळ्या माळावर स्वाराच्या उंचीला त्याच्या दोन तृतीयांश वारा धरावा. दरीत मात्र हा ताळा बसत नाही. खिंडीत हवेची वाट अरुंद होते आणि ती वेगाने निसटते. डोंगराच्या सोंडेआड मात्र पान हलत नाही. ही सोंड जिथे संपते ती जागा दगाबाज: आडवा झोत एकदम पुढच्या चाकावर येतो. तिथे पोचण्याआधीच रस्त्याकडेच्या गवताकडे बघा. गवत लोळत असेल तर वेग कमी करा, मूठ सैल ठेवा. हँडल आवळून धरलं की झोताचा प्रत्येक धक्का थेट चाकात उतरतो.

एसटीचं वेगळंच. वारा उजवीकडून असला की तोल राखायला सायकल नकळत उजवीकडे कलती ठेवलेली असते. बस बाजूने जाताना वारा क्षणभर तुटतो आणि सायकल बसकडे सरकते. बस गेली की तोच वारा डावीकडे ढकलतो. आरशात बस दिसली की डावीकडे मीटरभर जागा राखून सरळ रेषेत राहा.

कोरड्या ऋतूत, इतर वारा मंद असला तर, दरीचा स्वतःचा वारा चालतो. रात्री गार, जड हवा उतारावरून खाली येते. ऊन तापलं की प्रवाह उलटून वर चढतो. म्हणून दरीत वर जायचं तर पहाटेची गार हवा अंगावर घेत निघणं तितकं फायद्याचं नसतं; दहाच्या सुमारास वारा पाठीशी येतो. पण तेव्हा ऊन असतं, तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं. मला विचाराल तर पहाटच बरी.