शेत सोडून गेलेल्यांचे आडनाव: ऑर्कनीचे इझबिस्टर

स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यासमोरची, भरती-ओहोटीच्या जोरदार प्रवाहांसाठी दर्यावर्दींमध्ये कुप्रसिद्ध असलेली पेंटलँडची सामुद्रधुनी ओलांडली की ऑर्कनीची बेटे लागतात आणि त्यांच्याही पलीकडे, ईशान्येला, शेटलँडची. या दोन द्वीपसमूहांत 'इझबिस्टर' नावाची ठिकाणे एकापेक्षा अधिक आहेत. ऑर्कनीत बर्सी, रेंडल आणि साउथ रोनाल्ड्से येथे, तर शेटलँडात नॉर्थ रो आणि व्हॉल्से येथे या नावाच्या वाड्या किंवा शेते सापडतात. त्यांच्यावरूनच इझबिस्टर हे आडनाव पडले. शेटलँडात ते 'इझबेस्टर' असेही लिहिले जाते. ब्रिटनच्या एकूण लोकसंख्येत हे आडनाव इतके विरळ आहे की लंडनमध्ये आयुष्य काढलेल्या माणसालाही ते लावणारा कोणी भेटला नाही तर नवल नाही. कॅनडाच्या मॅनिटोबा आणि सस्कॅचेवान या प्रांतांत मात्र ते चांगलेच परिचयाचे आहे, आणि तेथे ते लावणाऱ्यांपैकी अनेक जण क्री आणि मेतिस (युरोपीय पुरुष आणि मूळ रहिवासी स्त्रिया यांच्या वंशजांचा समाज) या मूळ रहिवासी समाजांचे आहेत. उत्तर अटलांटिकमधल्या एका शेताचे नाव प्रेअरीच्या गवताळ प्रदेशात कसे पोहोचले आणि तेथे इतके का रुजले, हा प्रश्न इतिहासाचा आहे तितकाच संभाव्यतेच्या गणिताचा आणि आनुवंशिकीचाही आहे.

आधी उगमाचे पाहू. आठव्या-नवव्या शतकापासून नॉर्वेतून आलेले नॉर्स लोक या बेटांवर वसले आणि त्यांनी जवळजवळ प्रत्येक शेताला, टेकडीला आणि खाडीला आपल्या भाषेत नावे दिली. त्यांच्या भाषेत वसलेल्या शेतीच्या जागेला 'बोल्स्टाद्र' म्हणत. हाच शब्द झिजून ऑर्कनी-शेटलँडात 'बिस्टर' झाला, केथनेसमध्ये स्क्रॅबस्टर या गावाच्या नावात 'ब्स्टर' झाला आणि लुइस बेटावरच्या हॅबोस्टमध्ये 'बोस्ट' झाला. 'इझ' या पहिल्या भागाचा अर्थ बऱ्याचदा 'पूर्वेकडील' असा लावला जातो. पूर्वेकडचे शेत हे वर्णन कोणत्याही वस्तीत कोणालाही सुचावे इतके साधे असल्यामुळे तेच नाव वेगवेगळ्या बेटांवर स्वतंत्रपणे पडले, यात आश्चर्य नाही. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते.

१४६८ साली डेन्मार्क-नॉर्वेचा राजा पहिला ख्रिश्चन याने आपल्या मुलीच्या हुंड्यापोटी ऑर्कनी आणि पुढच्याच वर्षी शेटलँड स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण टाकले, आणि ते गहाण कधीच सुटले नाही. स्कॉटिश अंमल, स्कॉटिश जमीनदार आणि स्कॉट्स भाषेतील दप्तर आल्यावर आडनावांची रीतही बदलत गेली. नॉर्स पद्धतीत माणसाची ओळख बापाच्या नावावरून सांगितली जाई आणि तो राहत असलेल्या शेताचे नाव पत्त्यासारखे जोडले जाई. ऑर्कनीत हा पत्ताच हळूहळू वंशपरंपरागत आडनाव बनला. शेटलँडात बापाच्या नावाची जुनी पद्धत तर एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली.

येथे एक बारकावा आहे, तो मराठी वाचकाला चटकन कळेल. पैठणात राहणाऱ्याला कोणी पैठणकर म्हणत नाही. पैठण सोडून दुसऱ्या गावी गेलेल्यालाच तेथील लोक पैठणकर म्हणतात. शेतावरून पडलेल्या आडनावांचेही तसेच असते. इझबिस्टरच्या वाडीत सगळेच इझबिस्टरचे असल्याने त्या नावाने तेथे कोणाला वेगळे ओळखता येत नाही. ते उपयोगी पडते ते वाडी सोडून शेजारच्या परगण्यात किंवा स्ट्रॉमनेस, कर्कवॉलसारख्या बंदरात गेलेल्याला. बेटांवरचा 'उडाल' हा नॉर्स वारसा कायदा वाडी सोडण्याला हातभार लावणारा होता. त्यात जमीन एकट्या थोरल्या मुलाकडे न जाता सर्व मुलांमध्ये वाटली जाई, मुलींनाही मुलांच्या निम्मा वाटा मिळे, आणि काही पिढ्यांत तुकडे इतके लहान होत की कोणालातरी बाहेर पडावेच लागे. म्हणून या आडनावाचा नकाशा आरंभापासूनच स्थलांतराचा नकाशा आहे, असे मला वाटते.

साउथ रोनाल्ड्सेवरील इझबिस्टरच्या शेतात १९५८ साली तेथील शेतकऱ्याला एक नवाश्मयुगीन दफनगृह सापडले. माणसांच्या सुमारे १६,००० हाडांबरोबर समुद्री गरुडांचीही हाडे मिळाल्याने ते 'गरुडांचे थडगे' म्हणून प्रसिद्ध झाले. आडनाव आणि ठिकाण एकच असल्यामुळे हे आपले पूर्वज असावेत असे एखाद्या इझबिस्टरला वाटणे स्वाभाविक आहे. पण त्या थडग्याची बांधणी सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची आहे, तर शेताला हे नाव पडले ते त्यानंतर चार हजार वर्षांनी. ठिकाण, नाव आणि रक्त या तिन्ही गोष्टींचे प्रवास स्वतंत्र असतात.

अटलांटिकपार जाण्याचे कारण होते प्राण्यांच्या कातड्यांचा, मुख्यतः बीव्हरच्या कातड्यांचा, व्यापार. १६७० साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्या सनदेने हडसन्स बे कंपनी स्थापन झाली. लंडनहून निघालेली तिची जहाजे अटलांटिक ओलांडण्यापूर्वी स्ट्रॉमनेसला थांबत, तेथल्या लॉगिनच्या विहिरीवर पाणी भरत, आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून तेथेच माणसेही भरती करू लागली. ऑर्कनीचे तरुण होड्या वल्हवण्यात तरबेज, थंडी-वाऱ्याला सरावलेले आणि कमी पगारावर येणारे होते. घरी जमिनीचा तुकडा पुरेसा नव्हता, आणि काही वर्षांच्या करारावर गेलेला मुलगा थोडी शिल्लक घेऊन परतेल अशी आशा असे. १८०० च्या सुमारास कंपनीच्या उत्तर अमेरिकेतील नोकरांपैकी सुमारे तीन चतुर्थांश एकट्या ऑर्कनीचे होते. वीस-पंचवीस हजार वस्तीच्या बेटांनी एका खंडाच्या व्यापाराला एवढे मनुष्यबळ पुरवावे, हे प्रमाण थक्क करणारे आहे. या गर्दीत इझबिस्टर अगदी सुरुवातीपासून दिसतात. स्ट्रॉमनेसचा जोसेफ इझबिस्टर १७४० च्या दशकात कॅनडातील जेम्स उपसागराकाठच्या ऑल्बनी येथील ठाण्याचा प्रमुख होता आणि १७४३ साली त्याने किनाऱ्यापासून आत, नदीकाठी, हेन्ली हाउस हे कंपनीचे पहिले अंतर्गत ठाणे उभारले.

नोंदवहीतील आडनावावर किती विसंबावे याचे एक उदाहरण याच काळातले आहे. १८०६ साली 'जॉन फबिस्टर' या नावाने एक ऑर्कनीकर कंपनीच्या चाकरीत दाखल झाला. फबिस्टर हे इझबिस्टरसारखेच 'बिस्टर' कुळातले, ऐकताच ऑर्कनीचे वाटणारे नाव. दीड वर्ष हा नोकर इतर पुरुषांच्या बरोबरीने होड्या वल्हवीत आणि ओझी वाहत राहिला. १८०७ च्या डिसेंबरअखेरीस पेंबिना येथे त्याला प्रसूतिवेदना सुरू झाल्या आणि मूल जन्मले, तेव्हा कळले की ती ऑर्फिर परगण्यातील इझोबेल गन नावाची स्त्री होती. कंपनीने तिला १८०९ साली परत पाठवले. तिच्या धैर्याची कथा स्वतंत्रपणे सांगण्याजोगी आहे. येथे एवढेच नोंदवायचे की कंपनीच्या वहीत 'फबिस्टर' असलेली व्यक्ती जन्माने फबिस्टर नव्हती.

कंपनी युरोपीय स्त्रियांना सोबत नेऊ देत नसे. त्यामुळे ठाण्यांवरील पुरुषांनी क्री आणि इतर मूळ रहिवासी समाजांतील स्त्रियांशी 'देशी रीतीने' संसार मांडले. स्थानिक ज्ञान, अन्न, बर्फावर चालण्याचे जोडे, व्यापारातील नातेसंबंध हे सर्व या स्त्रियांमुळे मिळत होते. त्यांच्यावाचून हा व्यापार चाललाच नसता. पण मुलांना आडनाव मिळाले ते बापाचे. १८२१ साली प्रतिस्पर्धी नॉर्थ वेस्ट कंपनीशी विलीनीकरण झाले, जादा ठरलेल्या नोकरांना कमी करण्यात आले, आणि त्यांतील अनेक जण कुटुंबांसह आजच्या विनिपेगजवळच्या रेड रिव्हर वसाहतीत स्थायिक झाले. इझबिस्टर आडनाव कायमचे रुजले ते येथे. पुढच्या पिढीतील जेम्स इझबिस्टर १८६२ साली नॉर्थ सस्कॅचेवान नदीकाठी शेती करू लागला. त्या 'इझबिस्टर वस्ती'चेच पुढे प्रिन्स अल्बर्ट शहर झाले. १८८४ साली मेतिसांचे नेते लुई रिएल यांना परत आणण्यासाठी माँटानाला गेलेल्या चार प्रतिनिधींपैकी तो एक होता. शेताचे नाव झालेले आडनाव पुन्हा एकदा वस्तीचे नाव झाले, आणि तेही एका नव्या समाजाच्या हक्कांच्या लढ्याशी जोडले जाऊन.

या घराण्यांतील सर्वांत विद्वान पुरुष म्हणजे अलेक्झांडर केनेडी इझबिस्टर. त्यांचा जन्म १८२२ सालचा, कंबरलँड हाउस या ठाण्यावरचा. वडील ऑर्कनीचे, आईची आई क्री. कंपनीत काही वर्षे काढल्यावर बढतीची वाट बंद दिसल्याने ते ब्रिटनला गेले, ॲबर्डीन आणि एडिंबरो येथे शिकले, आणि १८४७ साली रेड रिव्हरच्या सुमारे हजार रहिवाशांच्या सह्यांचा, कंपनीच्या मक्तेदारीविरुद्धचा अर्ज त्यांनी ब्रिटिश वसाहतमंत्र्यांपुढे मांडला. लंडनमध्ये ते मुख्याध्यापक झाले, 'कॉलेज ऑफ प्रिसेप्टर्स' या शिक्षकांच्या संस्थेचे १८७२ पासून डीन होते, आणि त्या संस्थेच्या 'एज्युकेशनल टाइम्स' या नियतकालिकाचे संपादनही त्यांनी केले. १८८३ साली मृत्यूपूर्वी त्यांनी आपली संपत्ती आणि ग्रंथसंग्रह मॅनिटोबा विद्यापीठाला दिला, आणि शिष्यवृत्ती देताना लिंग, वंश वा धर्म पाहू नये अशी अट घातली.

याच 'एज्युकेशनल टाइम्स'मध्ये १८७३ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी एक कोडे छापले: प्रत्येक पुरुषाला अमुक संभाव्यतेने शून्य, एक, दोन, तीन मुलगे होत असतील, तर काही पिढ्यांनंतर किती आडनावे नामशेष होतील? हेन्री वॉटसन या गणिती पाद्र्याने उत्तर दिले आणि १८७४ साली दोघांचा निबंध प्रसिद्ध झाला. आज अणुभट्टीतील साखळी प्रक्रियांपासून साथीच्या रोगांपर्यंत वापरले जाणारे हे गणित मुळात आडनावांसाठी जन्माला आले, आणि ज्या नियतकालिकात जन्मले त्याच्या संस्थेचा डीन एका दुर्मीळ आडनावाचा वाहक होता, याचा मला फार आनंद वाटतो.

ते गणित इझबिस्टरांना लावून पाहण्यासारखे आहे. समजा, प्रत्येक पुरुषाला सरासरी नेमका एक मुलगा होतो आणि मुलग्यांची संख्या पॉइसन वितरणाप्रमाणे, म्हणजे त्या सरासरीभोवती निव्वळ योगायोगाने, बदलते. मग एकाच पुरुषापासून सुरू झालेले आडनाव पहिल्याच पिढीत संपण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के, दोन पिढ्यांत ५३ टक्के आणि तीन पिढ्यांत ६३ टक्के असते. लोकसंख्या वाढली नाही तर पुरेशा काळात ते संपतेच. आता सरासरी १.२ मुलगे धरा. लोकसंख्या झपाट्याने वाढत असूनही एका पुरुषाची वंशरेषा कधी ना कधी खुंटण्याची शक्यता ६९ टक्के राहते. पण असे पाच स्वतंत्र पुरुष असतील तर सर्वांच्या रेषा खुंटण्याची शक्यता १५ टक्क्यांवर येते. इझबिस्टर आडनाव टिकले त्यामागे हेच असावे: ते अनेक शेतांवरून अनेकदा सुरू झाले, आणि नेमक्या ज्या काळात ऑर्कनीबाहेर जमीन भरपूर होती त्या काळात त्याच्या काही फांद्या तेथे पोहोचल्या. ऑर्कनीची लोकसंख्या १८६१ साली सुमारे ३२,००० होती. १९७१ पर्यंत ती सुमारे १७,००० वर घसरली. बेटांवर आडनावे विझण्याचा हा काळ होता. आज इझबिस्टर ऑर्कनीपेक्षा कॅनडात अधिक आहेत, त्याचे कारण ऑर्कनीतल्या या घसरणीत आणि कॅनडातल्या त्या फांद्यांच्या वाढीत आहे.

अनेक उगमांची खूण आनुवंशिकीत शोधता येते, कारण वाय गुणसूत्र आडनावाप्रमाणेच बापाकडून मुलाकडे जाते. २००६ साली लेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी एकच आडनाव असलेल्या, पण एकमेकांशी ज्ञात नाते नसलेल्या ब्रिटिश पुरुषांच्या १५० जोड्या तपासल्या, तेव्हा सुमारे २४ टक्के जोड्यांत अलीकडचा समान पूर्वज असल्याचे दिसले. आडनाव जितके विरळ, तितके हे प्रमाण जास्त होते. पण हा नियम गृहीत धरतो की विरळ आडनावाचा उगम एकच आहे. इझबिस्टर विरळ आहे आणि तरीही बहुउगमी आहे, म्हणून बर्सीच्या आणि व्हॉल्सेच्या इझबिस्टरांचे वाय गुणसूत्र जुळायलाच हवे असे नाही. दुसरीकडे, सस्कॅचेवानमधील एखाद्या मेतिस इझबिस्टराचे वाय गुणसूत्र थेट ऑर्कनीच्या एका शेताकडे बोट दाखवू शकते, तर आईकडून मिळणारा मायटोकाँड्रियाचा डीएनए क्री पूर्वजेकडे. दहा पिढ्या मागे प्रत्येकाचे १,०२४ पूर्वज असतात. आडनाव त्यांतल्या फक्त एकाचे असते.

कोणते शेत, हे ठरवायला मात्र प्रयोगशाळेइतकेच दप्तर लागते. हडसन्स बे कंपनीचे दप्तर १९७४ साली लंडनहून विनिपेगला हलवण्यात आले. त्यातील नोकरांच्या नोंदींत नावासमोर बहुधा त्याचा परगणा लिहिलेला असतो. एखाद्या कॅनेडियन कुटुंबाचा मूळ पुरुष बर्सीचा होता की स्ट्रॉमनेसचा, हे त्या एका रकान्यावरून कळते, आणि मग त्याच परगण्यात आजही राहणाऱ्या इझबिस्टराच्या वाय गुणसूत्राशी तुलना करून ते पडताळता येते.