कौल मिळाल्याशिवाय फांदी नाही

रान वाचवायचं असेल तर लोकांना आकडे नकोत, गोष्ट सांगा, असं निसर्ग शिबिरांतून हल्ली वरचेवर ऐकू येतं. सह्याद्रीत हा प्रयोग कधीचाच करून झालाय. सांगणारे होते गुरव, भगत आणि घरोघरच्या आज्या. गोष्टही चार वाक्यांची. ही राई आईची आहे. इथली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही. एकाने नेली होती, त्याला रक्ताची उलटी झाली. पुढचं विचारायचं नाही.

या गोष्टींच्या बळावर देवराया, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली रानं, टिकल्या. कुठे त्यांना राई म्हणतात, कुठे रहाट किंवा देवरहाटी. देव गावागणिक वेगळा: वाघजाई, काळकाई, भैरवनाथ. पुष्कळ ठिकाणी मूर्ती नसतेच, शेंदूर फासलेला तांदळा, म्हणजे अनघड दगड, असतो आणि त्याच्यावर आभाळ. देवीला छप्पर चालत नाही, हीसुद्धा एक गोष्टच. ती किती कामाची होती ते पुढे येईल.

तळकोकणात आणि गोव्याच्या सत्तरी तालुक्यात ही गोष्ट जास्त रंगते. तिथे राईला राखणदार असतो. रात्री खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी घेऊन तो हद्दीवरून फेरी मारतो. चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून गावकरी त्याला चामड्याच्या नव्या वहाणा वाहतात. झाडाच्या बुंध्याशी ठेवलेला तो जोड पाहिला की नवखा माणूस गोंधळतो. मंदिराबाहेर चपला काढायच्या ठाऊक असतं, इथे तर देवालाच दिलेल्या! वाहिलेला जोड पुढच्या वर्षी झिजलेला दिसतो, असं शपथेवर सांगणारेही भेटतात. सत्तरीतच बांबरला निरंकाराची राई आहे. हा देव निराकार. त्याच्या राईत रानजायफळाची दलदल शिल्लक आहे. पाण्यातून गुडघ्यासारखी वर आलेली मुळं असलेलं हे जंगल फार थोड्या जागी उरलंय.

गोष्टीत फक्त भीती असती तर ती इतकी टिकली नसती, असं मला वाटतं. तिला एक व्यवहाराची बाजू होती: कौल. कुणाचं घर पडलं, तुळईला लाकूड हवंय, तर देवाला विचारायचं. पाषाणाला ओल्या कळ्या किंवा तांदूळ लावायचे. उजवीकडचं पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. हे सगळं चारचौघांसमोर, गाऱ्हाणं घालून. म्हणजे झाड कुणी मागितलं, कशासाठी मागितलं आणि किती मिळालं हे अख्ख्या गावाला कळायचं. चोरून तोडणाऱ्याला देवीचा कोप होवो न होवो, गावाचा नक्की व्हायचा.

इंग्रज अमदानीत या रायांची नोंद सरकारदरबारी झाली. देशाचे पहिले वनमहानिरीक्षक डीट्रिश ब्रँडिस यांनी 1897 साली देवरायांवर लिहिलं. पण 1878 च्या वन कायद्याने जंगल सरकारचं झालं होतं, आणि गावाच्या कौलाला त्या कायद्यात जागा नव्हती. स्वातंत्र्यानंतर धरणांच्या कामासाठी घाटात रस्ते झाले, त्या रस्त्यांनी झाडं जाळून कोळसा पाडणारे कोळसावाले आले. रोख पैसे समोर आल्यावर काही गावांत देवीचा धाक एका हंगामात संपला.

याच सुमाराला, 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला, हार्वर्डहून परतलेले परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक राया हिंडू लागले. पुण्याभोवतीच्या ग्रामदेवतांचा माग इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबींनी आधीच काढला होता. या दोघांनी त्या देवतांभोवतीचं रान मोजलं. बाहेर माळ झालेला, आणि आत हातभर लांब शेंगांची गारंबीची वेल माणसाच्या मांडीएवढ्या जाडीने झाडांवर चढलेली. 1975 साली त्यांनी देवराया जपण्याची विनवणी करणारा निबंध बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापला. 1981 च्या निबंधाचा विषय तर महाराष्ट्र आणि गोव्यातल्या देवरायांमागच्या लोकसमजुती आणि लोककथा हाच होता. वनस्पतिशास्त्राच्या निबंधात गावची दंतकथा पुरावा म्हणून येणं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची राई वन खात्याने तोडीला काढली, तेव्हा गावकरी या दोघांकडे मदत मागायला आले. त्यांच्या बोलण्यात देवी होती आणि पाणीही होतं: राईतून निघणाऱ्या ओढ्यावर गाव जगत होतं. तोड थांबली. गोष्ट आणि ओढा यांतलं नेमकं काय कामाला आलं, हे वेगळं करता येत नाही. गावाने ते वेगळं केलेलंही नव्हतं.

वाघोबाचंही तसंच. ठाणे, पालघर, मुंबईच्या कडेला वारल्यांच्या वस्त्यांजवळ लाकडावर किंवा दगडावर वाघ कोरलेला असतो, सोबत सूर्य-चंद्र. वाघबारशीला त्याची पूजा होते, कोंबडं किंवा बकरं दिलं जातं. त्यामागची कथा कराराची आहे: वाघाला त्याचा वाटा द्यायचा, त्याने माणसाला राखायचं. वन्यजीव अभ्यासकांनी अशा दीडशे स्थानांची नोंद करून 2021 मध्ये त्यावर निबंध लिहिला. बिबट्यांच्या शेजारी राहण्याची ही रीत वन खात्याच्या पत्रकांहून खूप जुनी आहे.

आता छपराकडे येऊ. देवरायांचा आजचा मोठा वैरी कोळसावाला राहिलेला नाही. तो आहे जीर्णोद्धार. मुंबईच्या चाकरमान्यांची वर्गणी येते, तांदळ्याच्या जागी संगमरवरी मूर्ती बसते, आणि उघड्यावर राहणाऱ्या आईला स्लॅब हवासा वाटू लागतो. मग मंडपाला जागा, गाडीला रस्ता, जत्रेला मोकळं पटांगण. श्रद्धा कमी झालेली नसते, उलट देऊळ दुप्पट होतं. गोष्टीतला देव राहतो आणि रान गळून जातं. काही ठिकाणी तर बांधकामाचा खर्च राईतलीच झाडं विकून भागवला जातो, आणि त्यासाठी रीतसर कौलही लावलेला असतो.

दुसरीकडे शहरांतून ‘देवराई’ हा शब्द नव्या लागवडींना दिला जातोय. अभिनेते सयाजी शिंदे यांच्या ‘सह्याद्री देवराई’ने तो घरोघरी नेला. या नव्या रायांत वड, पिंपळ, उंबर ओळीने लावलेले असतात, टँकरने पाणी येतं, प्रत्येक रोपाला काठीचा आधार असतो. राखणदार अजून त्यांच्यात राहायला आलेला नाही. सध्या तारेचं कुंपण आणि एक पगारी माणूस आहे.