बेनिडॉर्म : स्वस्त सागरी पॅकेज सहलीचे शहर

बेनिडॉर्म : स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरील आलिकांते प्रांतातील शहर. ‘कोस्ता ब्लांका’ म्हणजे पांढरा किनारा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भूमध्य किनारपट्टीवर ते वसले आहे. लोकवस्ती सुमारे 70,000. उन्हाळ्यात ती कित्येक पटींनी फुगते. शहराच्या पाठीशी 1,400 मीटरहून उंच पुईग काम्पाना डोंगर, समोर खाडीत त्रिकोणी बेट, आणि त्यांच्यामध्ये उंच इमारतींची दाट रांग. विमान आणि हॉटेल यांचा एकच दर देऊन उन्हात आठवडा-पंधरवडा घालवण्याची जी रीत उत्तर युरोपातल्या, विशेषतः ब्रिटनमधल्या, कष्टकरी कुटुंबांनी आपलीशी केली, तिचे हे सर्वांत ठळक गाव. या रीतीविषयी लिहायचे तर या गावाविषयी लिहावे लागते.

मराठी वाचकाच्या मनात ‘पॅकेज टूर’ म्हटले की वेगळेच चित्र उभे राहते : पहाटेची बस, हातात यादी घेतलेला टूर मॅनेजर, रोज नवे शहर आणि रात्री वरणभात. बेनिडॉर्मची सहल याच्या उलट आहे. एकदा बॅग उघडली की ती परतीच्या दिवशीच भरायची. बघायचे काही नसते, असायचे असते.

गावाला नगराचा दर्जा 1325 मध्ये मिळाला. पुढची कित्येक शतके इथली माणसे समुद्रावर जगली. ट्युना मासा पकडण्याच्या ‘अल्माद्राबा’ पद्धतीत नांगर टाकून उभ्या केलेल्या जाळ्यांचा एक चक्रव्यूह असतो; मासा त्यात शिरतो आणि आतल्या आत वळत शेवटच्या कोठीत अडकतो. या कामात बेनिडॉर्मचे तांडेल इतके वाकबगार होते की भूमध्य समुद्रात दूरदूरच्या किनाऱ्यांवरून त्यांना बोलावणी येत. विसाव्या शतकाच्या मध्याला ट्युना कमी झाला आणि गावाची अल्माद्राबा बंद पडली. तेव्हा गावात जेमतेम तीन हजार माणसे होती. पर्यटन इथे रिकाम्या वाळूवर उतरले नाही. ज्यांचा धंदा नुकताच बुडाला होता अशा कोळ्यांच्या आणि खलाशांच्या गावात ते आले. हे लक्षात घेतले नाही तर पुढचे सगळे केवळ हावरेपणाची कहाणी वाटते, आणि तशी ती नाही.

गावाचे नशीब पालटण्याचे श्रेय बहुतेक जण पेद्रो झारागोझा ओर्त्स (1922–2008) यांना देतात. 1950 च्या अखेरीपासून 1967 पर्यंत ते महापौर होते. 1956 मध्ये त्यांच्या कारकिर्दीत सबंध गावाचा नगररचना आराखडा झाला. रुंद रस्ते, बागा आणि इमारतीभोवती मोकळी जागा त्यात आखली होती. 1963 मध्ये उंचीवरची बंधने उठली आणि गाव आकाशाकडे वाढू लागले. किनाऱ्यावर बिकिनी घालायला त्यांनी परवानगी दिली, तेव्हा कॅथलिक चर्चने धर्मबहिष्काराची धमकी दिली आणि ते व्हेस्पा स्कूटरवरून माद्रिदला जाऊन हुकूमशहा फ्रँकोंना भेटले, असे ते स्वतः सांगत. तपशिलांबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत, पण बेनिडॉर्म आजही ही गोष्ट अभिमानाने सांगते. 1959 मध्ये गावात गीतमहोत्सव सुरू झाला. 1968 मध्ये तो जिंकणारा तरुण गायक हुलियो इग्लेसियास पुढे जगभर गाजला.

हे एकट्या महापौराचे कर्तृत्व नव्हते. 1959 च्या आर्थिक स्थिरीकरण योजनेत पेसेटाचे, म्हणजे स्पेनच्या तेव्हाच्या चलनाचे, मूल्य घटवून डॉलरला 60 पेसेटा असा दर ठरला, आणि परक्या चलनात पगार घेणाऱ्याला स्पेन एकाएकी स्वस्त झाला. 1967 मध्ये आलिकांतेचा विमानतळ उघडला. त्याआधी व्हॅलेन्सियाला उतरून लांबचा रस्ता धरावा लागे. 1960 मध्ये सगळ्या स्पेनला सुमारे 60 लाख परदेशी पाहुणे आले होते. 1973 मध्ये हा आकडा 3 कोटी 40 लाखांच्या आसपास गेला.

पॅकेज सहलीचे बीज मात्र स्पेनमध्ये रुजले नव्हते. मे 1950 मध्ये व्लादिमिर राइट्झ यांच्या होरायझन कंपनीने लंडनजवळच्या गॅटविकहून कोर्सिका बेटावरच्या काल्वीला भाड्याचे डीसी-3 विमान नेले. दर 32 पौंड 10 शिलिंग. त्यात विमान, तंबूतला मुक्काम, दोन वेळचे मांसाहारी जेवण आणि वाइन. ब्रिटनमध्ये मांसावरचे रेशनिंग 1954 पर्यंत चालू होते, म्हणजे त्या दोन जेवणांचे मोल काय असेल याचा अंदाज बांधता येतो. सरकारने परवानगी देताना प्रवासी फक्त शिक्षक आणि विद्यार्थी असावेत अशी अट घातली होती. पुढेही बरीच वर्षे सहलीची एकूण किंमत त्या मार्गावरच्या नियमित विमानाच्या परतीच्या भाड्याहून कमी ठेवायला मनाई होती. सरकारी विमान कंपनीचे हे संरक्षण 1970 च्या सुमारास सैल झाले. 1966 ते 1970 या काळात ब्रिटिश माणसाला सहलीसाठी देशाबाहेर फक्त 50 पौंडांचे परकीय चलन नेता येई. एवढ्या पैशात पंधरा दिवस काढायचे तर आधीच सगळे भरून जाणे सोयीचे होते, आणि त्या निर्बंधाने पॅकेजला बळच दिले.

सहल घेणारा वर्ग कोण, हेही सांगायला हवे. वायव्य इंग्लंडातल्या लँकाशायरच्या गिरणीगावांत दरवर्षी एका ठरलेल्या आठवड्यात सगळ्या गिरण्या एकदम बंद होत आणि अख्खे गाव ब्लॅकपूलच्या किनाऱ्याला जाई. 1938 च्या कायद्याने पगारी रजेचा मार्ग रुंदावला. ब्लॅकपूलला सगळे होते, फक्त उन्हाची खात्री नव्हती. बेनिडॉर्मने ती दिली. आजी-आजोबा, शेजारी, कामावरचे सोबती असे सगळे एकाच हॉटेलात उतरण्याची जुनी सवय विमानात बसून इथवर आली. म्हणूनच इथे इंग्रजी नाश्ता, ओळखीची बिअर आणि संध्याकाळी बिंगो मिळतो. याला हिणवणारे खूप आहेत. पण परक्या गावी ओळखीचे जेवण शोधणे हा दोष असेल, तर मेथीच्या ठेपल्यांचे आणि लोणच्याचे डबे घेऊन युरोपला निघणाऱ्या आपल्या माणसांनी तो दुसऱ्याला लावू नये.

दर इतका उतरतो कसा? सहल कंपनी हंगामाच्या कितीतरी आधी हॉटेलच्या शेकडो खोल्या ठोक भावात धरून ठेवते. काही खोल्यांचे पैसे त्या भरोत न भरोत द्यावेच लागतात. काही ठरावीक तारखेपर्यंत परत करता येतात. विमानही असेच घेतलेले. ते शनिवारी नवे पाहुणे उतरवते आणि तासाभरात जुन्यांना घेऊन परतते, म्हणजे हंगामाची पहिली परतफेरी आणि शेवटची जातफेरी सोडली तर ते कधी रिकामे उडत नाही. जवळजवळ सगळ्या जागा भरल्या तरच हिशेब जमतो. न विकलेली जागा उड्डाणाच्या क्षणी कवडीमोलाची होते, म्हणून शेवटच्या आठवड्यात दर कोसळतात. काही सौद्यांत तर हॉटेलचे नावही आधी सांगत नाहीत; फक्त गाव आणि दर्जा कळतो, खोली पोचल्यावर मिळते. स्वस्त दराची किंमत पाहुणाही वेगळ्या नाण्यात मोजतो : उड्डाण पहाटे तीनचे, विमानतळावरून निघालेली बस दहा हॉटेलांना थांबत जाणारी, खोली समुद्राकडे नव्हे तर मागच्या गल्लीकडे तोंड केलेली.

जेवणाचे प्रकार ठरलेले असतात : फक्त खोली, नाश्ता, नाश्ता आणि रात्रीचे जेवण, तिन्ही त्रिकाळ, आणि पेयांसकट सगळे म्हणजे ‘ऑल इन्क्लुझिव्ह’. शेवटचा प्रकार मुलाबाळांच्या कुटुंबाला निश्चिंती देतो; आइस्क्रीम मागणाऱ्या पोराला नाही म्हणावे लागत नाही. गावातल्या खानावळवाल्याला मात्र तो नकोसा असतो, कारण पाहुणा हॉटेलच्या दाराबाहेर पडतच नाही. माजोर्का ज्यात मोडते त्या स्पेनच्या बालेआरिक बेटांच्या सरकारने मद्यपी धुमाकुळाला आळा घालण्यासाठी मागालुफसारख्या काही भागांत अशा पॅकेजमधली मद्याची मर्यादा दिवसाला सहा पेल्यांवर आणली आहे, तीन दुपारच्या आणि तीन रात्रीच्या जेवणाबरोबर.

समुद्रकिनारे दोन. पूर्वेचा लेव्हांते सुमारे दोन किलोमीटरचा, पश्चिमेचा पोनिएंते त्याहून लांब आणि निवांत. मधल्या टेकाडावर, जिथे एकेकाळी किल्ला होता, तिथे ‘भूमध्याचा सज्जा’ ही पांढरी गच्ची आहे. किनारा कायद्याने सार्वजनिक आहे; खाट आणि छत्री भाड्याने घ्यावी लागते, पण स्वतःची चटई पसरायला कोणी अडवत नाही. लेव्हांतेच्या मागच्या गल्ल्यांत इंग्रजी पाट्यांचा भाग आहे. परदेशी पर्यटकाला स्पॅनिश बोलीत ‘गिरी’ म्हणतात, त्यावरून त्याला गिरी भाग असे नाव पडले. तिथून चालत काही मिनिटांवर जुन्या गावात बास्क पद्धतीचे छोटे घास मांडलेल्या खानावळींची गल्ली आहे आणि तिथे गर्दी स्पॅनिश लोकांची.

उंच इमारती हे बेनिडॉर्मवरचे पहिले दूषण. 2002 मध्ये उघडलेले ग्रान होटेल बाली 186 मीटर उंच आहे. इंतेम्पो ही दोन मनोऱ्यांची इमारत 200 मीटरच्या घरात जाते. 2007 मध्ये सुरू झालेले तिचे काम आर्थिक मंदीत रखडले आणि पुरे व्हायला चौदा-एक वर्षे लागली. पण समाजशास्त्रज्ञ मारिओ गाव्हिरिया यांच्यासारखे अभ्यासक या गावाचे पाठीराखे होते, आणि त्यांचा मुद्दा मला पटतो. तितकेच पाहुणे बंगल्यांच्या वसाहतींत ठेवले असते तर मैलोन्‌मैल किनारा गिळला गेला असता. प्रत्येक घराला बाग, तळे आणि मोटार लागली असती. इथे माणूस लिफ्टने उतरतो आणि पायी समुद्राला लागतो. मोटार लागत नाही.

पाण्याची गोष्ट याहून मोठी आहे. हा प्रदेश कोरडा. 1978 च्या दुष्काळात बेनिडॉर्मला जहाजांनी पाणी आणावे लागले, तेही ऐन भरभराटीच्या काळात. त्याच सुमारास परिसरातल्या गावांनी मिळून पाण्याचा संघ उभा केला. त्यातला करार साधा आणि न्याय्य आहे : शेतकरी धरणातल्या गोड्या पाण्यावरचा आपला हक्क गरजेच्या वेळी गावांना वापरू देतात, आणि बदल्यात शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी शेतीसाठी घेतात. गळती शोधून दुरुस्त करण्यावरही इथे कसून भर दिला जातो. दुष्काळी तालुक्यांशेजारी हॉटेले उभी करणाऱ्या कोणत्याही प्रदेशाने अभ्यासावी अशी ही व्यवस्था आहे.

आधी पैसे भरण्याच्या या रीतीत धोका उघड आहे : कंपनी बुडाली तर माणूस परदेशात अडकतो. 15 ऑगस्ट 1974 रोजी, भर हंगामात, कोर्ट लाइन ही विमान कंपनी आणि तिच्या ताब्यातली क्लार्कसन्स ही बडी सहल कंपनी कोसळली. सुमारे 50,000 लोक बाहेर होते. त्यानंतर ब्रिटनमध्ये ग्राहकांच्या पैशांसाठी राखीव निधी उभा राहिला. 1990 च्या युरोपीय निर्देशाने सहल विकणाऱ्या कंपनीलाच हॉटेलपासून विमानापर्यंत सगळ्यासाठी जबाबदार धरले. या संरक्षणाचा गैरवापरही झाला : 2016–17 मध्ये हॉटेलचे जेवण बाधल्याचे खोटे दावे इतके वाढले की ब्रिटनला नियम बदलावे लागले, आणि काहींना तुरुंगवास झाला. 23 सप्टेंबर 2019 रोजी थॉमस कुक ही जुनी ब्रिटिश सहल कंपनी बंद पडली, तेव्हा सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवाशांना सरकारने विमाने भाड्याने घेऊन घरी आणले.

त्या घटनेचा धक्का गोव्यालाही बसला. 1980 च्या दशकापासून गोव्याचा परदेशी हंगाम ‘चार्टर’वर, म्हणजे याच रीतीवर, उभा राहिला होता; ब्रिटनहून येणारी थॉमस कुकची विमाने थांबली आणि कळंगुट-कांदोळीच्या व्यावसायिकांना हंगामाच्या तोंडावर पाहुणे गमवावे लागले. भारतातली त्याच नावाची कंपनी 2012 पासून वेगळ्या मालकीची असल्याने ती चालू राहिली.

स्वस्त सहलीचा सर्वांत जड भार खोल्या साफ करणाऱ्या बायकांवर पडतो. पाळीत ठरावीक खोल्या उरकायच्या, गाद्या उचलायच्या, पाठ आणि मनगटे झिजवायची. त्यात कामे बाहेरच्या ठेकेदारांकडे गेल्यावर पगार घटले. स्पेनभरच्या या बायकांनी ‘लास केलीज’ या नावाने संघटना उभारली. ‘लास के लिंपियान’, म्हणजे ‘ज्या साफ करतात त्या’, या शब्दांवरून ते नाव आले. बेनिडॉर्ममध्ये तिचा जोर आहे. एप्रिल 2018 मध्ये स्पेनचे तेव्हाचे पंतप्रधान राहोय यांनी त्यांच्या प्रतिनिधींना भेट दिली. पाठदुखीला व्यावसायिक आजार मानावे, ही त्यांची मागणी कोणत्याही सहलीच्या दरपत्रकाशेजारी छापावी अशी आहे.

2024 मध्ये स्पेनला सुमारे 9 कोटी 40 लाख परदेशी पर्यटक आले आणि कॅनरी बेटे, माजोर्का, बार्सेलोना इथे घरभाड्यांच्या वाढीविरुद्ध मोर्चे निघाले. राग मुख्यतः राहत्या घरांतून चालणाऱ्या पर्यटक-भाड्यावर होता.

बेनिडॉर्मची बरीच हॉटेले हिवाळ्यातही चालू असतात, हे भूमध्य किनाऱ्यावर दुर्मीळ आहे. 1985 पासून स्पॅनिश सरकार आपल्या निवृत्त नागरिकांना अनुदानित दरात हंगामाबाहेर किनाऱ्यावर पाठवते. त्यांच्यामुळे खोल्या भरतात आणि कामगारांना वर्षभर काम राहते. त्याच वेळी ब्रिटनचे पेन्शनर घरची थंडी टाळून महिना-महिना येऊन राहतात. नोव्हेंबरच्या मध्याला गावाच्या रक्षणकर्त्या मेरीमातेचा उत्सव असतो. 1740 मध्ये किनाऱ्याजवळ भरकटत आलेली एक नौका जाळली गेली आणि राखेत मातेची मूर्ती धक्का न लागता सापडली, अशी कथा आहे. उत्सवात तो प्रसंग वाळूवर पुन्हा उभा करतात, नौका पेटवतात. नंतर त्याच आठवड्यात ब्रिटिश पाहुणे सोंगे घेऊन रस्त्यांवर उतरतात आणि गिरी भाग पहाटेपर्यंत जागा असतो.